स्तोत्राला एक पेला दूध

"आता मी सांगतो ते कुणाला खरं वाटायचं न्हाय," असं म्हणत जोतीराम मास्तर चर्चच्या मंडळीच्या सभेत उभे राहिले, तेव्हाच निम्म्या बाकांवर हसू फुटलं. मास्तर छापखान्यात खिळे जुळवायचे आणि बोलताना एकाला चार जुळवायचे, हे सगळ्यांना ठाऊक. पण आज नुसत्या हशावर भागणार नव्हतं. दूध पाजून जमवलेली पोरं दूध बंद झाल्यावर येतात का, असं पाळकसाहेबांनी विचारलं होतं. येत नसतील तर मास्तर चालवत तो पोरांचा संघ बंद, आणि रविवार दुपारची खोली बायकांच्या प्रार्थनेला.

त्याचं झालं होतं असं. बावन्न सालच्या उन्हाळ्यात मंडळीतली पोरं रविवारी शिवाजी पेठेत फुटबॉलमागं पळायची. मास्तरांपुढं बसायची दोघं, त्यातलं एक पेंगायचं. मग मास्तरांनी जाहीर केलं, जो बायबलातलं एक स्तोत्र पाठ म्हणेल त्याला गंगावेशीत, पैलवान दूध प्यायला जमतात त्या कट्ट्यावर, केरबा गवळ्याच्या म्हशीचं, डोळ्यांदेखत पिळलेलं एक पेला दूध! कोल्हापूरचं पोर पदकाला भुलत नाही, धारेच्या दुधाला भुलतं. पुढच्या रविवारी चौदा पोरं हजर, आणि चौदाही जणांचं स्तोत्र एकच, एकशे सतरावं. अख्ख्या पुस्तकात सगळ्यात आखूड. दोन वचनं! मास्तरांनी मुकाट चौदा पेले पाजले आणि नियम बदलला, दहा वचनांना एक पेला.

इथवर सगळं खरं होतं. पुढं मास्तरांनी लगाम सोडला.

"मग आपल्या ज्ञानूनं काय करावं? एकशे एकोणिसावं काढलं. एकशे शहात्तर वचनं! कट्ट्यावर उभं राहून घडाघडा म्हटली आन् सतरा पेले उभ्या उभ्या रिचवले. पैलवान तोंडात बोट घालून बघत हुते."

"वरची सहा वचनं वाया गेली म्हणा," बाळासो म्हणाले. ते मंडळीतले वडीलधारे.

"वाया कशानं? त्येची साय दिली की!"

हशा झाला. मास्तरांना चेव आला.

"आन् म्हस? ती ऐकून ऐकून अशी सोकावली, स्तोत्राबिगर पान्हाच सोडंना. केरबा माळकरी माणूस, पर बसला म्हणत."

"कुठलं म्हणतोय?" बायकांतून आक्कांनी विचारलं.

"एकशे सतरावंच, आक्का. त्याला बी लवकर आटपायचं असतंय."

पाळकसाहेबांनी हसून डोळे पुसले. मग चष्मा चढवून म्हणाले, "मास्तर, म्हशीचं राहू द्या. दूध बंद झाल्यावर पोरं आली का?"

दूध मास्तरांनीच बंद केलं होतं. प्रार्थना संपायच्या आत पोरांचा एक पाय दाराबाहेर असायचा. वचनाचा अर्थ विचारला, की एकमेकांची तोंडं बघायची. आपण ह्यांना देवाजवळ आणतोय की म्हशीजवळ, हा प्रश्न मास्तरांना झोपू देईना. पाजणं थांबवल्यावर पहिल्या रविवारी रिकामी चटई बघून त्यांना उत्तर कळलं होतं. पुढं चारजण येऊ लागले, न बोलावता. त्या चौघांवर मास्तरांचा जीव होता. पण चौदातले चार ऐकून कोण खोली ठेवणार?

"आली की," मास्तर म्हणाले. आवाज जरा चढला. "चौदाच्या चौदा! दूध दिलं तरी नगं म्हणाली."

मागच्या बाकावरून ज्ञानू ताडकन उठला. कान लालभडक झालेले.

"खोटं हाय मास्तर! सतरा कुठलं, तीन पेल्यातच वकलो मी. आन् पयल्या रविवारी कुणीसुदिक आलं न्हवतं. तुमी एकटंच चटईवर बसून गाणं म्हणत हुतासा, म्या खिडकीतनं बघितलं. तवापास्नं आमी येतोय. पर चौदा न्हाय, चौघंच!"