गुणगुण बाईंची तार

तारमामांनी डबा उलटा केला, हुंगला, कानाशी धरला आणि नव्या इंजिनिअर मुलीला विचारलं, "काहीच वाजत नाही गं. मेलाय की काय?"

"मामा, तो वाय-फायचा डबा आहे, रेडिओ नाही."

बावीस वर्षांपूर्वी या कचेरीतल्या टेबलाटेबलापर्यंत मामांनीच तार ओढली होती. ती सलग जोडली तर चंद्राला वेढा पडून वर गाठ मारायलाही उरेल, असं ते स्वतःच सांगत. म्हणजे निम्मं तरी खरं असावं. आज सकाळी साहेबांनी ऐकवलं होतं, "डबा लागला की सगळं बिनतारी. मग तुमचं इथं काय काम, मामा? घरी बसा आरामात." नोकरीची चार वर्षं अजून बाकी होती. तरी शत्रूचं पोट उघडून बघायची हौस दांडगी!

डब्याच्या पाठीवरून फिरणारं बोट थबकलं. "अगं, हे भोक तर आपल्याच तारेचं!"

"मग? डब्यापासून फोनपर्यंत हवेतून. पण डब्यापर्यंत तारच लागते."

मामा इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "आणि म्हणे बिनतारी!"

डबा हॉलच्या मधोमध, छताला लावायचा होता. तिथल्या टेबलाची तार छतापर्यंत चढवली, पण तिचं दुसरं टोक, जिथं कचेरीतल्या सगळ्या तारा येत त्या कपाटातल्या चारशे तारांतून शोधायचं होतं. मुलीनं कपाट उघडलं आणि कपाळाला हात लावला. तारेतारेला चिठ्ठी: 'घोरणारे', 'गुणगुण बाई', 'नुसतंच हं'.

"मामा, नंबर कुठेत?"

"नंबर कशाला? माणसं होती ना."

"बरं, मधोमध कोण बसायचं?"

"घोरणारे."

घोरणाऱ्यांची तार जोडली. डबा ढिम्म. साहेब येऊन घड्याळ बघू लागले. मामांनी डोळे मिटले.

"थांब. घोरणारे आधी कोपऱ्यात होते. तेव्हाच्या साहेबांनी त्यांना नजरेसमोर आणून बसवलं आणि मधल्या गुणगुण बाईंना कोपऱ्यात धाडलं. चिठ्ठ्या मी तशाच ठेवल्या. म्हटलं, साहेब काय, आज आहेत उद्या नाहीत."

साहेब खोकले.

गुणगुण बाईंची तार जोडताच डब्यावर हिरवा दिवा लागला. हॉलभर फोन किणकिणले.

"वा!" साहेब म्हणाले. "मामा, कोणती तार कुठं जाते, ते आजच वहीत उतरवून द्या."

वही भरली की काय होणार, हे सगळ्यांनाच कळलं. मुलीनं मान खाली घातली. मामांनी मात्र स्टूल ओढलं.

"लिही पोरी. तार पहिली. लपवायचं काही नाही, सगळं सांगतो."

आणि त्यांनी खरोखरच सगळं सांगितलं. ती तार कुणाची, तो माणूस नोकरीला कसा लागला, टेबल का हललं, त्या दिवशी कोण रडलं.

चार वाजता साहेब वही मागायला आले. वहीत दीड पान होतं. मुलगी हनुवटीला हात लावून ऐकत होती.

"...आणि तोच फोन नेमका त्याच्या बायकोनं उचलला," मामा सांगत होते.

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली.

"मग?"