आंब्याखालची बिनजिभेची घंटा

“थांबा, टाकू नका त्याला समुद्रात! आधी वाजवून तरी बघा!”

मित्रांनो, हा आवाज कितीतरी वर्षांपूर्वीचा, पण अजून माझ्या पोकळ पोटात घुमतो. मी एक जुना गॅसचा सिलिंडर आहे. हसू नका. सिलिंडर म्हटलं की तुम्हाला स्वयंपाकघराचा कोपरा आठवेल, आणि माझीही सुरुवात तिथूनच झाली. दूरच्या एका देशातल्या कारखान्यात पत्रा वाकवून मला घडवलं, चंदेरी रंग दिला आणि जहाजात घालून पॅसिफिक महासागरातल्या व्हानुआतू देशाच्या एका चिमुकल्या बेटावर पाठवलं. गावाचं नाव मातारिसू. पुढे समुद्र, मागे टेकडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत चर्च, आणि चर्चच्या मागे स्वयंपाकघर. तिथे माझ्या जिवावर चहा उकळायचा, रविवारचे पाव भाजले जायचे.

पण खारा वारा कुणाची भीड ठेवत नाही. माझं अंग गंजलं, तोटी अडकली. गावचे चीफ मातोकाई म्हणाले, “गेला हा कामातून. टाका खोल पाण्यात.” दोघांनी मला उचललंही होतं. तेवढ्यात पाठीवर तारोच्या कंदांची टोपली घेऊन मळ्यातून येणारी लेइसावी ओरडली. तेव्हा ती तरणीताठी होती. टोपली खाली ठेवून तिने वाटेवरचा दगड उचलला आणि माझ्या अंगावर हाणला.

मला आवाज आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं! तो नाद चर्चवरून गेला, नारळींवरून गेला, टेकडीला शिवून परत आला. मळ्यातली माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अरे, हा तर गातोय,” चीफ म्हणाले.

“गातोय, आणि माझ्या तावीपेक्षा सुरात गातोय,” काल्तोक म्हणाला.

काल्तोक म्हणजे लेइसावीच्या थोरल्या बहिणीचा, रूथचा नवरा. चर्चचा कारभार त्याच्याकडे होता. आमच्या गावात मेहुणा आणि मेहुणी एकमेकांना ‘तावी’ म्हणतात, आणि तावीची टिंगल केली नाही तर तिला परकं मानल्यासारखं होतं.

“तू गायला लागलास की डुकरं कुंपण मोडून पळतात, ते आधी बघ, तावी,” लेइसावीने परतफेड केली. रूथ हसता हसता वाळूतच बसली.

मग माझ्या पोटात पाणी भरून उरलासुरला गॅस घालवला, करवतीने तळ कापला आणि चर्चशेजारच्या आंब्याच्या फांदीला साखळीने मला टांगलं. तुमच्याकडच्या घंटेला आत लोंबणारी जीभ असते. मला ती नाही. मला बाहेरून लोखंडी कांबेने ठोकावं लागतं, आणि ठोकणाऱ्याच्या मनात जे असेल तेवढंच मी बोलतो. ती कांब लेइसावीच्या हाती आली.

काय दिवस होते ते! पहाटेच्या प्रार्थनेला मी, लग्नाला मी, मरणालाही मी. मातारिसूची घंटा पलीकडच्या बेटावर ऐकू जाते, असं होडीवाले कौतुकाने सांगायचे. माझा नाद आला की हातातलं काम टाकून गाव चर्चकडे निघायचं. कुणी विचार करत नसे, पाय आपोआप वळत. मला त्याचा केवढा अभिमान होता!

आणि एका दुपारी चक्रीवादळ आलं. आभाळ तव्यासारखं काळं झालं, नारळी जमिनीला टेकू लागल्या. गावाला सावध करावं म्हणून लेइसावीने जीव खाऊन मला वाजवलं, आणि गाव चर्चकडे धावलं. दुसरीकडे धावायचं असतं हे माहीत कुणाला होतं? चर्च पक्कं बांधलेलं होतं, देवाचं घर होतं, पण समुद्राच्या अगदी काठाला होतं. लाट दारातून आत आली. माणसं खिडक्यांतून निसटली, एकमेकांना ओढत टेकडीशी पोचली. रूथ पोचली नाही.

मित्रांनो, एक गोष्ट फक्त मी पाहिली होती. लेइसावीने पहिला ठोका देण्याच्या बऱ्याच आधी रूथ माझ्या खालून गेली होती. काखेत चटयांची गुंडाळी होती, वाऱ्याने केस सुटले होते. ती चर्चमध्ये शिरली. त्यानंतर लेइसावी धावत आली आणि तिने कांब उचलली. हे सगळं माझ्या समोर घडलं. पण सांगू कसं? मला जीभ नाही.

रूथला निरोप दिला त्या दिवशी बायका आंब्याखाली बसल्या होत्या. कुणीतरी हळहळत म्हणालं, “घंटा वाजली म्हणून गेली गं बिचारी. घर तर तिचं जागच्या जागी आहे.” लेइसावीने ते ऐकलं. काल्तोकनेही ऐकलं. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि तो उठून गेला.

तेव्हापासून लेइसावीने कांबेला हात लावला नाही. ती वाट वाकडी करून मळ्यात जायची, पण माझ्या खालून जायची नाही. काल्तोकने तिला पुन्हा कधी ‘तावी’ म्हणून हाक मारली नाही. रविवारी तोच येऊन मला दोन बोथट ठोके द्यायचा. माझ्या पोटात गांधीलमाश्यांनी घर केलं, साखळी गंजली. लक्ष कुणाचं नव्हतं.

अशात वादळाची तयारी शिकवायला विद्यापीठाची माणसं होडीतून आली. त्यांत फिजीची मेरेसेइनी होती, राजधानीत पोर्ट विलाला शिकवणारी. तिने आल्या आल्या फळा मागितला नाही, काठ्या मागितल्या. म्हाताऱ्यांना म्हणाली, “तुम्ही लहान होता तेव्हा किनारा कुठपर्यंत होता? तिथे एकेक काठी रोवून या.”

म्हातारे हसत पाण्यात उतरले. कुणी घोटाभर पाण्यात काठी रोवली, कुणी गुडघाभर. काल्तोक चालतच राहिला. कंबरभर पाण्यात थांबून त्याने काठी रोवली आणि तिथूनच ओरडला, “इथे नारळ होता. त्याच्या सावलीत माझं आणि रूथचं लग्न लागलं.”

कुणी हसलं नाही. सगळ्यांची नजर त्या काठीवरून सरकत सरकत चर्चच्या पायरीवर आली.

“समुद्र तापतोय, फुगतोय आणि चालत येतोय,” मेरेसेइनी म्हणाली. “वादळंही आता जास्त ताकद घेऊन येतील. तो काही आपलं ऐकणार नाही. आपण एकमेकांचं ऐकायचं ठरवू या.”

मग ठरलं असं. वादळ किती जवळ आलंय ते रेडिओवर रंगांनी सांगतात: निळा, पिवळा आणि सगळ्यात धोक्याचा लाल. ते रंग गावाला मी ऐकवायचे. आणि धावत्या ठोक्यांचा अर्थ एकच, टेकडीवरच्या शाळेत चला. लेइसावीने कांब घ्यायला मान हलवून नकार दिला, तेव्हा पहिल्या सरावाला खुद्द चीफनी मला बडवलं. मेरेसेइनी टेकडीवर वाट बघत उभी राहिली. आणि काय झालं असेल? अख्खं गाव धावत चर्चमध्ये शिरलं! चीफनीही कांब टाकली, सवयीने टोपी काढली आणि तेही आत जाऊन बसले.

मेरेसेइनी धापा टाकत खाली आली. “चीफ, मी वर कुणासाठी उभी होते?”

“काय करू मुली,” चीफ खजील होऊन म्हणाले, “कानांना सांगितलं होतंस. पायांना कोण सांगणार?”

सगळे हसले, मग एकेकाला आठवलं. त्या वादळातही पायांनी हेच केलं होतं. लेइसावी निघून गेली.

काल्तोक मात्र उसळला. “घंटा देवाची आहे. ती देवाच्या दारीच बोलावणार. तिला दुसरी बोली शिकवू नका.”

“काका, पुढच्या महिन्यात येते,” मेरेसेइनी म्हणाली. आणि ती आली. त्याच्याही पुढच्या महिन्यात आली. समुद्र खवळलेला असला तरी येई, ओली चिंब. वादळाआधी कसाव्याचे शेंडे कापून ठेवायचे म्हणजे कंद उपटत नाहीत, हे म्हातारे तिला सांगत आणि ती ते पुढच्या गावाला सांगे. तिने आणलेल्या पुस्तिकेतली चित्रं मुलं घराघरात नेत. पण पाय अजून चर्चकडेच वळत.

एका दुपारी लेइसावी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. “पायांना पुस्तक वाचता येत नाही, बाई. त्यांना ताल लागतो.” तिने रॉकेलचा रिकामा डबा उलटा ठेवला आणि त्यावर थाप देत गायला लागली:

लांब लांब ठोका गं, चला देवाच्या दारी,
थांबून थांबून ठोका गं, बांधा छपरं सारी,
धावता धावता ठोका गं, सोडा सोडा किनारा,
टेकडीच्या कुशीत बाई आपला निवारा.

गावच्या बँडवाल्यांनी त्या गाण्याला चाल दिली. बायका कपडे धुताना गाऊ लागल्या, मुलं खेळताना. ‘किनारा’ म्हटलं की पोरं टेकडीकडे सुसाट सुटत आणि आजोबांनाही ओढत नेत. मेरेसेइनीने ते गाणं पाठ केलं, थोडं बेसूर. लेइसावी तिची चेष्टा करायची, “तू गातेस ते वादळाने ऐकलं तर तेही परत जाईल.” बऱ्याच वर्षांनी मी तिची चेष्टा ऐकत होतो. पण ती डबाच वाजवायची. माझ्याकडे पाहायचीही नाही.

मग एका वर्षी माझा आंबा वेड्यासारखा लगडला. फांद्या वाकल्या. आमच्याकडे म्हातारी माणसं असा आंबा पाहिला की वादळाचं वर्ष म्हणतात. आणि ते आलंच. रेडिओवर लाल रंग सांगितला तेव्हा भरदुपार होती. काल्तोक कांब हातात घेऊन माझ्याखाली उभा होता.

“आधी प्रार्थना,” तो म्हणाला. “सगळ्यांना चर्चमध्ये बोलावतो.”

लेइसावी त्याच्यापुढे आली. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याखाली आली. “कांब दे.”

“तू वाजवणार? तू?”

तो ‘तू’ तिला कुठे लागला ते मला दिसलं. तरी ती हलली नाही. “हो, मीच. बहीण माझी गेली. कुठे बोलवायचं नाही हे माझ्याइतकं कुणाला कळणार?”

काल्तोकची बोटं सैल पडली. लेइसावीने कांब घेतली आणि मला धावते ठोके दिले. मित्रांनो, मी इतक्या जोरात कधीच बोललो नव्हतो. पोटातल्या गांधीलमाश्या उधळल्या. आणि मी पाहिलं, पाय वळले! चर्चकडे नाही, टेकडीकडे. गाठोडी, पोरं, पाठुंगळी घेतलेल्या म्हाताऱ्या, मोकळी सोडलेली डुकरं, आणि वाऱ्यात तुटत तुटत येणारं ते गाणं. मेरेसेइनी तेव्हा राजधानीत होती. तिची गरज पडली नाही. तिला तेच तर हवं होतं.

काल्तोक मात्र चर्चच्या दारात जाऊन बसला.

“जा आता वर!” तो ओरडला. “सगळे गेले!”

“एक राहिलाय.” तिचा हात चालूच होता.

“मी देवाच्या घरात बसलोय.”

“रूथही बसली होती.”

त्याने मान खाली घातली.

“तू उठेपर्यंत माझा हात थांबायचा नाही,” ती म्हणाली. “बस किती बसायचं ते.”

आंब्याच्या मुळांशी फेस आला. तिचे घोटे भिजले. ठोका चुकला नाही. शेवटी काल्तोक उठला, पाण्यातून आला, त्याने तिचं मनगट धरलं आणि दोघं टेकडी चढू लागली. मग फांदी मोडली, मी पाण्यात पडलो आणि पुढचं मला काही दिसलं नाही.

समुद्र ओसरला तेव्हा चर्चला छप्पर नव्हतं. बाक तारोच्या मळ्यात पडले होते आणि त्यांच्याखाली चिखलात मी होतो, एका बाजूने चेपलेला. पण गावात माणसं मोजली तेव्हा एकही कमी नव्हतं. चीफनी मला पायाने उलटवलं. “हा पुन्हा गेला वाटतं कामातून?” लेइसावी खाली वाकली. तिने मला वाळूने घासलं, धुतलं. आता मला टेकडीवर, शाळेसमोरच्या नीरफणसाला टांगायचं ठरलं होतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी घंटा असेल, एखादा भोंगा असेल. त्याची साखळी तपासा, गंज पुसा. तो वाजला की पाय कुठे वळतात ते संकट येण्याआधी बघून ठेवा, आणि वाट चुकत असेल तर पुन्हा पुन्हा शिकवा, कंटाळू नका. आणि हो, मनात अडकलेलं बोलून टाका. मी जे पाहिलं ते लेइसावीला मला कधीच सांगता आलं नाही. तुम्हाला जीभ आहे.

काल्तोकने फांदीवर साखळीची गाठ आवळली आणि खाली उतरून कांब लेइसावीपुढे धरली.

“घे, तावी.”

तिने कांब घेतली. मग तिचा ओठ हलला. “कान झाक हं, नाहीतर डुकरांच्या पुढे तूच पळशील.”

तो हसला नाही. तिने कांब उगारली, तशी त्याने दोन्ही तळवे माझ्या अंगावर घट्ट दाबले, मी बोलू नये म्हणून.

“थांब. आधी माझं ऐक,” तो म्हणाला. “रूथ तुझ्या घंटेनं गेली नाही. तू वाजवायच्या आधीच ती आत होती. लोक येतील, चटया अंथरून ठेव म्हणून मीच तिला पाठवलं होतं, तावी.”