गुरम्माचा बोळ

घंटा वाजली आणि गुरम्माने दारात आलेल्या माणसाचे पाय धरले.

पाद्यपूजेची सगळी तयारी तिच्यापुढे मांडलेली होती. पितळी ताट, पाण्याचा तांब्या, विभूती, कण्हेरीची फुलं. सकाळपासून ती उंबऱ्याशी वाट बघत बसली होती. तिने ते पाय ताटात घेतले, पाण्याची धार धरून बोटांनी चोळून धुतले, अंगठ्यांना विभूती लावली, फूल वाहिलं आणि डोकं टेकलं. सगळं कसं यथासांग झालं. चूक एवढीच झाली, की ते पाय रेवणय्या स्वामींचे नव्हते. मस्तानसाब टांगेवाल्याचे होते.

स्वामी अजून कुंपणापाशी नवी विहीर बघत उभे होते. मस्तानसाब बिचारा वहाणा बाहेर काढून त्यांची झोळी, काठी आणि घंटा आत ठेवायला आला होता. म्हातारी एकाएकी पायाशी वाकल्यावर त्याचा हात घंटेसकट वरच राहिला. पाय मागे ओढावेत तर ती तोंडावर पडायची, न ओढावेत तर हे असलं भलतंच. "अम्मा, मैं स्वामी नई," तो अगदी हळू म्हणाला, "टांगेवाला हूं."

सोप्यात गिरणीतली माणसं बसली होती, अक्कलकोटचे पाहुणे होते. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सोमलिंगाच्या कानशिलांत आग पेटली. गिरणीत साध्या कामगाराचा जॉबर, म्हणजे मुकादम, झालेला माणूस तो. बाळीवेशीतल्या अंधाऱ्या बोळातून उठून त्याने गावाबाहेर, कुंभारीच्या वाटेवर, मोकळ्या माळावर स्वतःचं घर बांधलं होतं. चार लोकांनी ते बघावं म्हणून स्वामींना बोलावून पूजा घातली होती, आणि त्या चार लोकांपुढे आईने हा तमाशा केला. त्याने तिचा दंड धरून तिला उठवलं.

"अव्वा, दिसत न्हाय व्हय तुला?"

हे असं आपण उठल्यासुटल्या कोणालाही म्हणतो. उत्तर कोणी देत नाही आणि कोणाला ते हवंही नसतं. गुरम्माने ओले हात पदराला पुसले, तोंड वर केलं. पण सोमलिंगाकडे नव्हे. त्याच्या बाजूला जो खांब होता त्याच्याकडे तोंड करून ती म्हणाली,

"न्हाय."

मग कोणी हसलं नाही. सोमलिंगाने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. डोळे नितळ होते, नेहमीसारखेच काळेभोर, पण ते हलले नाहीत. त्याने पुन्हा हात हलवला. हे आपल्याला आज कसं दिसतंय आणि काल का दिसलं नाही, हेच त्याला समजेना. त्याने त्याच खांबाला हात टेकला.

स्वामी आत आले. त्यांनी मस्तानसाबच्या अंगठ्यांवरची विभूती पाहिली, म्हातारीकडे पाहिलं, आणि शहाणा माणूस म्हणायचा, काही न विचारता पाटावर बसून आपले पाय ताटात ठेवले. तांब्यात पाणी उरलं असेल तर घाला, म्हणाले. पूजा झाली, पंगत बसली. पाहुण्यांनी माना खाली घालून गव्हाची गोड हुग्गी खाल्ली. घर बघायचं मात्र सगळे विसरले.

ते गेल्यावर सोमलिंगाने बायकोला, जगदेवीला, चुलीपाशी गाठलं. तुला ठाऊक होतं का, म्हणून विचारलं. ती राख सारत राहिली.

"मी लगीन हून आले तवापासनं ठावं हाय," ती म्हणाली. "अव्वांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठिवून शपथ घातली हुती. घर बांधू नका म्हनून किती येळा सांगितलं मी? तुमी म्हनला, बाईमानसाला गल्लीतल्या गप्पा सुटंनात."

म्हणाला होता खरा. आईलाही कमी बोलला नव्हता. माळावर राहायला आल्यापासून गुरम्मा कोपऱ्यात बसून असायची. जी बाई बोळात कधी घरात सापडायची नाही, ती इथे दाराबाहेर पडेना. घागर पालथी करी, चुलीशी हात पोळून घेई. सोमलिंग समजला, रुसली आहे. गिरणीत तो सगळ्यांना सांगायचा, आमच्या अव्वाला सुख बोचतंय. आणि आता त्याला एकेक जुनी गोष्ट आठवू लागली. गड्ड्याच्या यात्रेला ती त्याच्याबरोबर कधी आली नव्हती, गर्दी सोसत नाही म्हणायची. बार्शीला भाचीच्या लग्नाला आली नव्हती, अक्कलकोटला माहेरीसुद्धा जायचं तिने सोडलं होतं. बोळ सोडून जीव रमत नाही म्हणायची आणि तो ते खरं मानायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गिरणीचा भोंगा झाला की पोटात भाकरी ढकलून पळणारा आणि दिवस मावळल्यावर परत येणारा पोरगा आईच्या डोळ्यांत कशाला बघतोय?

तो तसाच उठला आणि बाळीवेशीकडे निघाला. वाट मोठी लांब. दोन्ही बाजूंना नुसतं कुसळाचं रान, बोलायला चिटपाखरू नाही. घरी काडेपेटी संपली तरी एवढं चालावं लागे, म्हणून जगदेवी आताशा आठवड्याचं सामान एकदम भरून ठेवी. हे आपणच निवडलं, हेही त्याला आज त्या वाटेवर पहिल्यांदा जाणवलं.

बोळात मात्र पाय ठेवला की सगळं हाताशी. तोंडाशी सुंदरम्माची फुटाण्याची भट्टी, पलीकडे नरसय्या पद्मसाळ्याचा माग, मग आड, तेलाची घाणी, वाण्याचं दुकान आणि शेवटाला मल्लिकार्जुनाचं देऊळ. गटार होतं, डास होते, दिवसा दिवा लावावा असा काळोख होता. याच बोळाची लाज वाटून सोमलिंग माळावर गेला होता.

"मी नरसय्या," मागावरून आवाज आला. "ये, सोमलिंगा."

"मी सुंदरम्मा," भट्टीपासून ती म्हणाली. "अव्वा कशी हाय?"

बोळातली ही रीतच होती. कोणी समोर आलं की आधी स्वतःचं नाव सांगायचं. सोमलिंगालाही ती खोड जडली होती. गिरणीत खात्यात शिरताना तो "मी सोमलिंग" म्हणायचा आणि लोक त्याची थट्टा करायचे, की बाबा, आम्ही काय आंधळे आहोत? थट्टेचे ते शब्द आता त्याच्या डोक्यात लख्ख उभे राहिले, आणि तो भट्टीच्या कट्ट्यावर मटकन बसला.

"सुंदरक्का, ही नावं सांगायची रीत कुनी पाडली?"

सुंदरम्माने फुटाणे हलवायचं थांबवलं. नरसय्याचा मागही थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग सुंदरम्माच बोलली.

"कळलं म्हनायचं तुला," ती म्हणाली. "गुरम्मासाठीच की रे. आदी मी सुरू केलं. मग समद्यास्नीच सवय लागली. आता ल्हान पोरंबी सांगत्यात, त्यास्नी का ते ठावंबी न्हाय."

नुसती नावंच नव्हती. बोळात कोणी वाटेवर बाज टाकत नसे. घाणीवाला बैल वळवताना हाळी देई. आडावर कोणी ना कोणी बाई तिची घागर ओढून देई आणि बोलता बोलता कमरेवर ठेवी. पण कोणी तिचा हात धरत नसे, कारण ते तिला खपलं नसतं. मागाचा खटखटाट डाव्या अंगाला आला की आड जवळ आला हे तिला कळायचं. म्हणून ती बाहेर पडायच्या वेळी नरसय्या जेवायला उठत नसे. वर्षानुवर्षं सगळा बोळ हे करत होता आणि कोणी कोणावर उपकार केल्यासारखं बोलत नव्हतं. गाव करील ते राव काय करील! आणि राव तर पक्की फरशी घालून, आईला माळावर नेऊन बसवून, स्वतःची पाठ थोपटून घेत होता.

"मला एका शब्दानं सांगायचं न्हाय व्हय?" सोमलिंगाचा आवाज फुटला.

"तिनंच नको म्हनलं. कळलं तर पोरगं मला घरात बसवंल, म्हनली." सुंदरम्माने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "बसवलं असतंस का न्हाय?"

बसवलं असतं. त्याच दिवशी बसवलं असतं. मायेनेच बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने आईला दवाखान्यात नेलं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाला; बाहेरून डोळा निर्मळ आणि आत सगळं संपलेलं. वेळेवर आणलं असतं तर थोडंफार राखता आलं असतं. एवढं ऐकून सोमलिंग बाहेर आला आणि पायरीवर भर लोकांत रडला. गुरम्मा शांतपणे त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

मग तो कामाला लागला. माणूस हबकला की हातांना काहीतरी काम शोधतो. त्याने दारापासून विहिरीपर्यंत खांब पुरून दोरी बांधली, वाटेतले खडे वेचले, चुलीपुढे विटांची कड रचली. गुरम्माच्या हातात दोरीचं टोक दिलं. ती दोरी धरून विहिरीपर्यंत गेली, तिथे उभी राहिली, परत आली.

"जमलं की, अव्वा," तो म्हणाला.

"जमलं," ती म्हणाली. "पर तितं कुनी न्हाय."

गुरम्मा उंबऱ्यावर टेकली आणि इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलू लागली. त्याचे वडील गेले त्याच्या पुढच्या साली नजरेच्या कडा काळ्या पडू लागल्या. मग उजेडच गेला. तिच्या सासूलाही असंच झालं होतं. तिला आतल्या खोलीत बसवली, जेवण हातात, पाणी हातात.

"लई माया केली समद्यांनी तिच्यावर," गुरम्मा म्हणाली. "बसून बसून मेली बग. बोळात मला डोळं लागत नव्हतं, सोमलिंगा. माजं पाय हुतं. सकाळी उठून म्या देवळात जायाची, भट्टीवर बसायची, कुनाचं बाळ खेळवायची. हितं तू समदं चांगलं केलंस. पर हितं डोळं लागत्यात."

सोमलिंगाने त्या रात्रीच जगदेवीशी बोलून ठरवलं. जुनं घर दुसऱ्याला दिलेलं होतं, ते परत मिळणं शक्य नव्हतं, आणि त्याची आयुष्याची सगळी कमाई या माळावरच्या भिंतींत गेली होती. सुंदरम्माची पडवी रिकामी होती. आईला तिथे ठेवशील का विचारल्यावर ती हो म्हणाली, वर हे विचारायला एवढे दिवस का लावलेस म्हणून बोलली. लोक काय म्हणतील ते सोमलिंगाला स्वच्छ दिसत होतं: घर बांधलं आणि आईला परक्याच्या पडवीत टाकली. जॉबर म्हणून मिरवणाऱ्याला हे ऐकावं लागणार होतं, आणि कारण सांगत फिरायची त्याला आईने बंदी केली होती. शपथच घातली, जगदेवीला घातली होती तशी.

रविवारी मस्तानसाबचा टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला. गुरम्मा उतरली. सोमलिंगाने सवयीने हात पुढे केला. तिने तो नुसता चाचपला आणि बाजूला केला. अंगणातही भिंत धरून चालणारी म्हातारी बोळात शिरताच ताठ झाली. आवाज येत गेले, मी नरसय्या, मी काशम्मा, मी घाणीवाला भिमा, आणि ती प्रत्येकाला काही ना काही बोलत, कोणाला हसत, कोणाला दटावत पुढे गेली. सोमलिंग तिचं गाठोडं घेऊन मागून चालला होता. आपली आई इतकी झपझप चालते हे तो डोळे फाडून पाहत राहिला.

पडवीत जगदेवीने अंथरूण घातलं, इष्टलिंगाच्या पूजेचं साहित्य कोनाड्यात मांडलं. गुरम्माने सगळं एकदा हाताखालून घातलं आणि पदर खोचला. देवळात घंटा वाजत होती.

"जा आता," ती म्हणाली. "तुमाला लांब जायाचं हाय."

सोमलिंग पाया पडायला वाकला. तिने त्याला उठवलं आणि उठवता उठवता तिचे हात त्याच्या तोंडावर आले. बायको घरात आल्यावर कुठली आई मोठ्या मुलाचं तोंड कुरवाळते? तिची बोटं कपाळावरून खाली उतरली, गालांच्या खोबणीत थांबली, ओठांवर आली आणि दचकून मागे झाली. मग पुन्हा पुढे येऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरली.

"मिशी कवा ठिवलीस रे?"

जगदेवीने तोंडाला पदर लावला.

"लगीन झालं तवा, अव्वा," तो कसाबसा म्हणाला.

गुरम्माने मिशीचं टोक बोटांत धरून नीट पिळलं.

"बरी दिसती," ती म्हणाली, आणि देवळाकडे चालू लागली.