कणगीआडची जागा

अपंगांच्या हक्कांसाठी निर्मला शहापूर-मुरबाड पालथं घालायची. पगार नाही, पद नाही. पोलिओने वाळलेला पाय आणि काखेत कुबडी. ती बोलायला लागली की भले भले साहेब गप्प बसत. सिद्धगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या नथूने मात्र तिला कितीतरी हेलपाटे घालायला लावले, तेव्हा कुठे मान हलवली.

नथूच्या थोरल्या लेकीचे, वेणूचे, हातपाय जन्मापासून वाकडे. तिचं बोलणं फक्त घरच्यांना कळे. धाकट्या रंजिताला बघायला पाहुणे आले की वेणूला मागच्या पडवीत, भाताच्या कणगीआड बसवत. तरी दोन स्थळं मोडलीच. गावात सांगणारे काय कमी असतात?

"लपवता म्हणूनच मोडतात," निर्मलेने नथूला बजावलं होतं. या खेपेला वेणू ओटीवर, चारचौघांत बसणार असं ठरलं.

आज सापगावचे पाहुणे येणार, म्हणून निर्मलाही मुद्दाम आली. वेणू हिरवी साडी नेसून ओटीवर बसली होती आणि सारखी हसत होती. तिला तसं बघून निर्मलेला भरून आलं.

खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला आणि नथूचा धीर सुटला. त्याने वेणूला उचललं आणि तडक पडवीत नेलं. निर्मला मागोमाग गेली.

"नथूदादा, शब्द दिला होता तुम्ही."

"दिलता ताई. पन..." त्याची नजर तिच्या पायाकडे गेली. "तुमीबी जरा हितंच बसा. दोघी दिसल्या तर पावणे म्हनतील, कुळातच हाय. तुमी घरातल्या नाय, ह्ये कोनाकोनाला सांगत बसू?"

निर्मलेला सगळा कायदा तोंडपाठ होता. तो नथूला ऐकवायचं सोडून ती कुबडी टेकत ओटीकडे निघाली. दारात रंजिता उभी होती, डोळे भरलेले.

"ताई, येवढा टाइम बसा. माझं जमू दे."

निर्मलेच्या अंगाची लाही झाली. या पोरीवर राग काढावा तर तोही निघेना. अंगणात चपला वाजल्या. ती कणगीआड जाऊन जमिनीवर बसली.

वेणूचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत तिथे सोबतीला कुणी आलं नव्हतं. तिने सरकून जागा दिली. निर्मलेची कुबडी कणगीबाहेर दिसत होती. वेणूने वाकड्या हातांनी ती हळूच आत ओढून घेतली आणि आवाज करू नको म्हणून ओठांवर बोट ठेवलं.