मी धुराचा ताप मोजतो

मित्रांनो, मी एका ट्रकच्या सायलेन्सरमध्ये बसवलेला जुना सेन्सर आहे. लांबीला तुमच्या बोटाएवढा. माझं अर्धं अंग गरम धुरात असतं आणि अर्धं बाहेर. पाठीमागून एक बारीक वायर निघते. इंजिनातून येणारा धूर किती तापला, हे त्या वायरीतून मी ट्रकच्या कॉम्प्युटरला सांगतो. धूर फार तापला तर कॉम्प्युटर आधी ड्रायव्हरसमोर एक दिवा लावतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. तरीही ताप उतरला नाही, तर इंजिनच बंद करतो. नाहीतर गाडी पेट घेईल.

मी कारखान्यात तयार झालो. तिथं मला भट्टीत धरून पारखलं आणि मग झरीच्या माणिकरावांच्या ट्रकला जोडलं. एकदा गाडीत कापसाच्या गाठी होत्या आणि धूर खरोखरच भयंकर तापला. मी वेळेवर सांगितलं, इंजिन थांबलं, कापूस वाचला. "ह्या बोटभर गड्यानं तुमची लाज राखली," असं बजरंग मिस्त्री म्हणाले. एवढंच काय ते माझं कौतुक. पुढं चार वर्षं कुणी माझं नावही घेतलं नाही. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

गेल्या चैत्रात माणिकरावांच्या बायकोनं, कस्तुराबाईंनी, गाडीला दृष्ट लागू नये म्हणून एक जुनी चप्पल दिली. माणिकराव गाडीखाली शिरले आणि अंधारात हाताला जे लागलं त्याला ती चप्पल लोखंडी तारेनं बांधून आले. हाताला लागली होती माझी वायर. तेव्हापासून प्रत्येक खड्ड्याला चप्पल झुलायची आणि ती तार माझ्या वायरीचं आवरण थोडं थोडं कापायची. मला कळत होतं. पण मला फक्त ताप सांगता येतो, दुखणं सांगता येत नाही.

आणि तो दिवस आला. देवगाव फाट्याच्या लीलाताई परभणीहून आमच्या ट्रकमधून कोंबडीची दोन हजार पिल्लं घेऊन निघाल्या होत्या. एका दिवसाची पिल्लं. गावातल्या बारा बायकांनी मिळून शेड बांधली होती आणि ही त्यांची पहिलीच पिल्लं. पहाटे मिळायची ती दहा वाजता मिळाली. ऊन असं की डांबर चिकटत होतं. गाडी चालू असेपर्यंत क्रेटमधून वारं खेळत राहतं. गाडी थांबली की पिल्लं गुदमरतात.

झरी मागं पडली. एका मोठ्या खड्ड्यात चप्पल जोरात झुलली आणि माझ्या वायरीचं उघडं तांबं गाडीच्या लोखंडाला टेकलं. मी रोजचाच ताप सांगत होतो. कॉम्प्युटरला मात्र ऐकू गेलं, आग लागणार! गाडीचा जोर गेला, आणि शंभर पावलांवर इंजिन बंद.

"काय झालं, माणिकभाऊ?"

"दिवा लागलाय, ताई. सायलेन्सर तापलाय म्हनतोय."

त्यांनी पुन्हा चावी फिरवली. गाडी थोडी सरकली आणि मेली. तिसऱ्यांदा तर चालूच झाली नाही. लीलाताई मागं चढल्या, क्रेटमध्ये हात घातला आणि ओरडल्या, "पिल्लांनी चोची वासल्यात हो! अर्ध्या घंट्यात सगळी खलास व्हतील!"

शेजारी भुईमुगाला पाणी देत असलेले आश्रुबा खोरं टाकून धावत आले. "गाडीकडं काय बघायलाव? आधी पिल्लं लिंबाखाली घ्या!"

तिघांनी वीस क्रेट उतरवले. आश्रुबांनी पोती भिजवून आडवी टांगली. पण झळ त्या सावलीतही शिरत होती.

माणिकरावांनी एका ओळखीच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "सेन्सर गेला असंल. त्याची वायरच काप." माणिकरावांनी पक्कड काढली. लीलाताईंना केबिनमध्ये बसवलं. "ताई, चावी चालू ठिवा. दिवा गेला की वरडा."

मित्रांनो, मी घाबरलो. वायर कापली असती तर कॉम्प्युटर आंधळा झाला असता, आणि आमचा कॉम्प्युटर आंधळा झाला की इंजिन चालूच होऊ देत नाही. पक्कड माझ्याजवळ आली. तेवढ्यात लोंबणारी चप्पल माणिकरावांच्या कपाळाला लागली. त्यांनी चिडून ती हातानं बाजूला धरली.

"गेला! दिवा गेला!" वरून हाक आली.

"आवो, आजून कापलंच न्हाई!" त्यांनी चप्पल सोडली.

"आला परत!"

पुन्हा धरली. "गेला!"

माणिकरावांनी चप्पल बाजूला धरूनच ठेवली. मग त्यांनी वायरीवरून बोट फिरवलं आणि त्यांना उघडं तांबं लागलं.

आश्रुबा खाली डोकावले. "म्हंजी दिष्ट लोकायची न्हाई, चपलीचीच लागली म्हना की!"

"आमच्या हिनं बांधायला लावली व्हती, मामा. सोडली तर घरी..."

"वहिनीला मी सांगते!" लीलाताई कडाडल्या. "आधी सोडा ती!"

चप्पल सुटली. आश्रुबांनी पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरजवळची काळी चिकटपट्टी आणली. माणिकरावांनी ती वायरीला तीन वेढे गुंडाळली आणि वायर लोखंडापासून लांब बांधली. इंजिन एका चावीत चालू झालं. क्रेट चढले.

पुढं जिंतूर आलं, गेलं, कुणी पाणीही प्यायलं नाही. प्रत्येक खड्ड्याला माणिकरावांची नजर दिव्याकडं जायची, आणि मी जेवढा खरा ताप होता तेवढाच सांगत राहिलो.

शेडवर बायका पाण्याची भांडी मांडून उभ्या होत्या. क्रेटची झाकणं उघडली. मधल्या क्रेटमधली सव्वीस पिल्लं मान टाकून पडली होती. बाकीची चिवचिवत होती.

"माझी चूक हाय, ताई," माणिकराव म्हणाले.

"हाय खरी," लीलाताई म्हणाल्या. "आता हात लावा. एकेकाची चोच पाण्यात बुडवावी लागती, त्याबिगर त्याह्यला प्यायचं कळत न्हाई."

तो आडदांड माणूस दिवस कलेपर्यंत मांडी घालून बसला आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन त्याची चोच पाण्याला लावत राहिला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसतं. आम्हाला फक्त एक दिवा लावता येतो. तो लागला की त्याला शिव्या देऊ नका, लगेच पक्कडही काढू नका. आधी खाली वाका, बोट फिरवून बघा. आणि प्रवासाला निघण्याआधीच वाकलात तर फारच बरं. त्या सव्वीस पिल्लांना वाचायला तेवढं पुरलं असतं.