उद्याचं पान

माझ्या मुलीचं, अंबुजाचं, लग्न झालं ते १९७४ साल. नोंदणीच्या कागदावर मुलाच्या वडिलांनी सही केली, मी अंगठा उमटवला. अंबुजानं मान दुसरीकडे वळवली. तेव्हा मी पंचावन्न वर्षांचा, म्हैसूरच्या शिवरामपेटेत शिंपी. जून लागताच मागच्या गल्लीत कुसुमबाईंच्या पडवीत जाऊन बसलो. बाई निवृत्त शिक्षिका. रविवार सोडून रोज संध्याकाळी तासभर लिहावाचायला शिकवायच्या. अट एकच घातली: आज काय शिकलो, ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. सुरुवातीला एक अक्षरसुद्धा चालेल.

पहिले दोन-अडीच महिने मी रोज लिहिलं. मग दसऱ्याचे कपडे आले आणि मोडलं. दुकानात सहा शर्ट मी एका बैठकीत बेततो. वहीचंही तसंच सुरू केलं. रविवारी बसायचं, सहा दिवस उरकायचे.

डिसेंबरात जोडाक्षरं चालली होती. पुस्तकातला क्रम दिसतच होता, म्हणून त्या रविवारी मी पुढचेही चार दिवस लिहून टाकले. सोमवारी स्त, मंगळवारी त्र, बुधवारी क्ष, गुरुवारी शेवटचा ज्ञ.

बायको तुंगा शेजारी काजं करत होती. म्हणाली, "गिऱ्हाइकाला उद्या या, उद्या या म्हणता. वहीत मात्र उद्याचं आजच तयार! बेष!"

मंगळवारी बाईंनी वही मागितली. पान उलटलं, चष्मा वर सरकवला.

"अय्यो, वेंकोजीराव! गुरुवारी मी काय शिकवणार ते मलाच ठाऊक नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"पुस्तकात आहे की, बाई."

"मग मी सुम्ने, उगीचच, कशाला शिकवू?" त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

"खोडून टाकतो."

"नको, खोडू नका. शेवटच्या पानावर लिहा, ही वही कशी भरली ते. उद्या आणा. खरं असेल तेच लिहा." मग मागची पानं चाळत एका पानावर थांबल्या. तिथं मी लिहिलं होतं, 'आज काय बी कळ्ळं न्हाई. सुम्ने बसलो.' त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "असं."

घरी येऊन वही पहिल्यापासून बघितली. रविवारची पानं लगेच ओळखू आली. अक्षर सारखं, ओळ सरळ. रोजची पानं वाकडी, कुठं मशीनच्या तेलाचा डाग. शेवटच्या पानावर लिहिलं: 'पानं एकशे साठ. त्या त्या दिवशी लिहिलेली बासष्ट. मागून लिहिलेली चौऱ्याण्णव. आधीच लिहिलेली चार. मी बाईंना फसवलं.' खाली सही केली, वेंकोजी. अंबुजाच्या कागदावर करायची राहिलेली ती माझी पहिली सही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन गेलो. पडवीत चपलाच चपला होत्या. बाईंचा मुलगा गुरुराज बाहेर आला. माझ्या हातातली वही बघून म्हणाला, "रावजी, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

वही अजून माझ्याजवळ आहे. त्यात बाईंनी मला बुधवारी क्ष आणि गुरुवारी ज्ञ शिकवला आहे. ज्ञ मला आजही पुस्तकात बघूनच काढावा लागतो.

कुसुमबाई ११ डिसेंबर १९७४ रोजी, बुधवारी सकाळी वारल्या.