उघडा हात

आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस मी. सुई कुणाच्या हातात शोभते ते मला बरोबर कळतं. डायलिसिसच्या खोलीतल्या नर्सताईचा हात मी पहिल्याच दिवशी मानला. एकदाच टोचायची, तेही बोलता बोलता. सुईला शिवण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायची. मी चिडवायचो, "पोरी, ही तयारी माझी की नमाजची?" ती म्हणायची, "काका, दोन्हीकडे हात स्वच्छच लागतात."

तिचा एकच हुकूम होता. सुया लावलेला हात झाकायचा नाही, सुई निसटली तर लगेच दिसली पाहिजे.

दुपारची नमाज ती माझ्या पलंगाशेजारच्या पडद्याआड पढायची. तेवढा वेळ तिच्या जोडीला असलेला नर्स खोली सांभाळायचा, त्याला आम्ही भाऊ म्हणायचो. त्या दिवशी ती आत गेली आणि टोकाच्या पलंगावरच्या आजींना चक्कर आली. भाऊ तिकडे धावला. यंत्रातून फिरून आलेलं रक्त अंगाला गार लागतं, मला तर हुडहुडी भरली होती. घटकाभर म्हणून चादर हातावर ओढली आणि माझा डोळा लागला.

"काका! माझ्याकडे बघा!"

ताई ओरडत होती. चादर भिरकावलेली, यंत्र बंद, तिचा अंगठा माझ्या दंडावर घट्ट दाबलेला. सुई निसटून गादी लाल झाली होती. यंत्र बेटं तोवर मुकाट फिरत राहिलं होतं, एकदाही वाजलं नव्हतं. तिनं सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं, तेव्हा पडद्याखालून पलंगाखाली टपटपणारं रक्त तिला दिसलं. नमाज अर्धी टाकून ती धावत आली होती.

भावाने सलाइन लावलं. जरा सावरलो, तशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यापायी तुझी नमाज मोडली गं."

"जीवावर बेतलं की मोडायचीच असते. ती पुन्हा पहिल्यापासून पढता येते, काका. तुम्हाला कुठून आणलं असतं?" मग खेकसलीच, "परत चादर ओढलीत तर काकूंना सांगेन!"

मला भरून आलं. पोटच्या पोरीनं तरी याहून काय केलं असतं?

नमाजची वेळ सरत आली, तरी ती माझा दंड सोडून हलेना. शेवटी भावाला तिथे बसवून मीच दटावलं, "जा आता. मी जागा आहे."

ती पडद्याआड गेली. थंडीनं माझे दात वाजत होते, चादर पायाशीच पडली होती. हात सताड उघडा टाकून, तिची नमाज पुरी होईपर्यंत मी टक्क जागा राहिलो.